स्टॅटिक व्हेरिएबलला किंमत मिळते कधी?

प्रोग्रॅम सुरू झाला की सगळ्या क्लासमधली स्टॅटिक व्हेरिएबल्स आपापल्या किमती घेऊन तयार असतात, असं जावा शिकणाऱ्या अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात क्लास इनिशियलाइझ होतो तो पहिल्यांदा खरोखर वापरला जाताना: त्याचं ऑब्जेक्ट तयार होताना, स्टॅटिक मेथड बोलावताना किंवा स्टॅटिक व्हेरिएबल वाचताना-बदलताना. ज्या क्लासकडे कोणी फिरकलंच नाही, त्याचा स्टॅटिक ब्लॉक शेवटपर्यंत चालत नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: ओळींच्या क्रमाने काही फरक पडत नाही. समजा, एका क्लासचा कन्स्ट्रक्टर ‘संख्या’ नावाचं स्टॅटिक व्हेरिएबल एकने वाढवतो. क्लासमधली पहिली स्टॅटिक ओळ त्याच क्लासचं ऑब्जेक्ट तयार करते आणि तिच्या खालची ओळ संख्येला शून्य देते. शेवटी संख्या किती? बहुतेक जण एक म्हणतात. उत्तर शून्य आहे. क्लास लिंक होताना संख्येला आपोआप शून्य मिळतं. मग ओळी वरून खाली चालतात. कन्स्ट्रक्टर एक करतो आणि पुढची ओळ पुन्हा शून्य करते. त्या ओळीतलं ‘= 0’ काढून फक्त घोषणा ठेवली, तर उत्तर एक येतं. म्हणजे निरुपयोगी दिसणारं ते शून्यही चालणारा कोडच आहे. माझ्या मते स्टॅटिक शिकवताना सुरुवात याच उदाहरणापासून व्हावी.

व्हेरिएबल वाचताना क्लास इनिशियलाइझ होतो, याला एक अपवाद आहे: स्टॅटिक फायनल संख्या किंवा स्ट्रिंग कंपाइल करतानाच ठरत असेल, तर ती वाचल्याने क्लास इनिशियलाइझ होत नाही. कंपायलर ती किंमत वापरणाऱ्या क्लासमध्येच उतरवून ठेवतो. म्हणूनच ती बदलून एकच क्लास पुन्हा कंपाइल केला, तर बाकीचे क्लास जुन्या किमतीवरच चालत राहतात.

अनेक थ्रेड असले की स्टॅटिक इनिशियलायझेशनला स्वतः लॉक लावावा लागतो, हेही खरं नाही. जेव्हीएम स्वतःच लॉक घेतं आणि बाकीच्या थ्रेडना थांबवतं. मात्र हे संरक्षण इनिशियलायझेशनपुरतंच. नंतर किंमत बदलणाऱ्या कोडची काळजी आपणच घ्यायची.

राहिला ‘नोक्लासडेफफाउंडएरर’. तो दिसला की लोक जार फाइल शोधत बसतात. पण पुष्कळदा क्लास जागेवरच असतो. त्याचा स्टॅटिक ब्लॉक आधी एकदा फसलेला असतो आणि त्याच क्लासलोडरमध्ये जेव्हीएम पुन्हा प्रयत्न करत नाही. लॉगमध्ये वर जाऊन ‘एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर’ शोधा. खरं कारण त्याच्याखाली ‘कॉज्ड बाय’च्या ओळीत सापडतं.