स्पीकरचे आसन आणि खर्चाचा हिशेब

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. त्याची जवारी खुलते ती घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेल्या सुती धाग्याने. धाग्याचे मोल नगण्य; जागा मात्र अचूक लागते. घरातील भारी स्पीकर स्थिर करतानाही हाच विवेक उपयोगी पडतो.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पेटीला मागे रेटा बसतो. पडदा काही ग्रॅमचा, पेटी पंधरा-वीस किलोंची. म्हणून रेटा अल्पच असतो. परंतु पेटी डगमगत असेल तर ती खडखडते, आणि खालची जमीन लाकडी असेल तर तीही घुमू लागते.

म्हणून प्रथम जमीन पाहावी. सांगलीच्या सदनिकेत फरशी असेल, तर पाणसळ लावून चारही पाय सारखे टेकवावेत. खाली रबराच्या चकत्या पुरेशा होतात. साताऱ्याच्या जुन्या वाड्यात माडीवर फळ्यांची जमीन असेल, तर जाड रबरावर कडाप्प्याची लादी ठेवून तीवर स्पीकर ठेवावा. टोकदार धातूचे पाय जाड गालिच्यावर उपयोगी. ते गालिचा भेदून जमिनीवर टेकतात. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतल्यास खर्जाचा गोंगाट कमी होतो, तोही विनामूल्य.

एवढे केल्यावरही हजारो रुपयांच्या चकत्यांचा मोह झाला, तर घरच्या माणसाने न सांगता त्या बदलाव्यात आणि आपण डोळे मिटून तेच गाणे, तेवढ्याच आवाजात, दहा वेळा ऐकावे. फरक ओळखता आला नाही, तर पैसे तिजोरीतच शोभतात. पारखल्यावाचून माल न घेण्याची पेढीवरची रीत दिवाणखान्यातही पाळावी.