ट्रकमधील वीज : लेखांक सहावा — बोजा पडताच बंद होणारा इन्व्हर्टर

गेल्या लेखांकात ट्रकच्या दोन बॅटऱ्यांच्या जोडणीचा विचार केला. आता त्या बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टांपासून २३० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज निर्माण करणारा जो इन्व्हर्टर लांब पल्ल्याचे चालक केबिनमध्ये बसवून घेतात, त्याच्याविषयीच्या नित्याच्या तक्रारीकडे वळू. मोबाइलचा चार्जर लावला असता हा इन्व्हर्टर बिनतक्रार चालतो, परंतु चहाची विजेची किटली लावताच बझर वाजतो, तांबडा दिवा लागतो आणि सारे बंद पडते. मग मालक यंत्रालाच दोषी ठरवून ते बदलण्याचा हुकूम देऊन मोकळा होतो.

वस्तुतः आपल्या टोकांवरील दाब सुमारे २१ व्होल्टांच्या खाली उतरला, की बॅटरी पार निकामी होऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. म्हणून तपास करावयाचा तो दाब कोठे हरवला याचा. १००० वॉटची किटली चालविताना, इन्व्हर्टरमधील व्यय धरून, बॅटरीतून सुमारे ४६ अँपिअर प्रवाह ओढला जातो. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल जाऊन-येऊन आठ मीटर असेल, तर एवढ्या प्रवाहाला एक व्होल्टाहून अधिक दाब वाटेतच गमवावा लागतो. तीच केबल २५ चौरस मिलिमीटरची असल्यास ही हानी पाव व्होल्टाच्या आसपास राहते. त्यात लग सैल असेल, फ्यूजच्या पकडीवर काट चढला असेल, किंवा ऋण जोडणी चासीच्या गंजलेल्या वा रंगविलेल्या जागी केली असेल, तर नुकसान आणखी वाढते आणि तो सांधा तापू लागतो.

प्रवाह नसेल तेथे ही हानीही नसते. त्यामुळे बोजा न लावता मल्टीमीटरने घेतलेले माप सर्व काही ठीक असल्याचा खोटा दाखला देते. यास्तव किटली चालू ठेवून, यंत्र बंद पडण्यापूर्वीच्या अवधीत, प्रथम बॅटरीच्या खांबांवर व नंतर इन्व्हर्टरच्या टोकांवर दाब मोजावा. दोन मापांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक तफावत निघाल्यास दोष केबलचा वा सांध्यांचा. दोन्ही मापे सारखीच ढासळल्यास बॅटरीचा. आणि दोन्ही मापे समाधानकारक असूनही यंत्र बंद पडत असेल, तरच इन्व्हर्टरवर संशय घेणे न्याय्य ठरते. इंजिन चालू असता बॅटरीवर २७ ते २८ व्होल्ट न मिळाल्यास अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासावा.

बारा व्होल्टांचा इन्व्हर्टर दोहोंपैकी एकाच बॅटरीवर जोडण्याची जी प्रथा दिसते, ती मात्र सर्वथा त्याज्य होय. कारण त्यायोगे एक बॅटरी सदैव अपुरी भरलेली राहते, दुसरी प्रमाणाबाहेर भरली जाते आणि दोन्हींचे आयुष्य घटते.

वाचकांस आग्रहाची विनंती एवढीच, की सांध्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरीजवळचा फ्यूज काढावा, आणि बोजाखालील ही दोन मापे घेतल्यावाचून नव्या इन्व्हर्टरवर पैसा खर्च करू नये.