मोटारीच्या प्रयोगशाळेत घडलेले हृदय

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे एक गृहस्थ मध्यंतरी पत्नीचे कागद घेऊन आले होते. तिला लहानपणी ऱ्हुमॅटिक फीवर होऊन गेलेला, म्हणजे घसा दुखून नंतर सांधे सुजवणारा आणि जाताजाता हृदयाच्या झडपा खराब करणारा ताप. आता मायट्रल झडप इतकी आवळली होती की जिना चढताना धाप लागायची. मुंबईच्या रुग्णालयात झडप बदलायची तारीख मिळाली होती. अशा वेळी नातेवाईक विचारतात ते खर्चाचे, धोक्याचे, पथ्याचे. यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, हृदय थांबवल्यावर जो पंप लावतात तो कसला असतो? पिस्टनचा की रोलरचा? आणि मध्येच लाइट गेली तर?"

तीस वर्षांत मला हे कुणी विचारले नव्हते. बहुतेक ठिकाणी रोलरचा, काही ठिकाणी सेंट्रिफ्यूगल, हे मी सांगितले. लाइट गेली तर बॅटरी असते, आणि बॅटरीनेही दगा दिला तर यंत्राला हाताने फिरवायचे हँडल असते, हेही सांगितले. हँडल म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. ते गेल्यावर मला मात्र एक इमारत आठवत राहिली. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात ती इमारत एका ओळीत उरकली जाते, आणि ती रुग्णालयाची नाही, मोटार कंपनीची आहे.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात जनरल मोटर्सचे जुने मुख्यालय आहे. त्याच्या मागच्या बाजूला, मिलवॉकी ॲव्हेन्यूवर, अकरा मजली ‘आर्गोनॉट बिल्डिंग’ उभी आहे. १९२८ साली तिचा पहिला भाग बांधला गेला आणि १९३६ साली दुसरा. वास्तुरचनाकार अल्बर्ट कान. फोर्डचा हायलँड पार्कचा प्रसिद्ध कारखाना याच माणसाने उभा केला होता. काँक्रीटचा सांगाडा, मोठ्या खिडक्या आणि भरपूर उजेड ही त्याची पद्धत. कामगाराला हातातले काम दिसले पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता. आर्गोनॉटमध्ये मात्र मोटारी बनत नव्हत्या. तिथे कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती, आणि १९३६ नंतर हार्ले अर्ल या डिझायनरचा स्टुडिओही. वाहन उद्योगात संशोधनाला स्वतःचे घर असावे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

आपल्याकडचा एक संदर्भ देतो. त्याच १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला. भारतातला तो पहिला. भाग पेट्यांतून बोटीने यायचे, इथे बोल्टने जोडायचे. तो १९५४ साली बंद झाला. म्हणजे एकाच कंपनीने एकाच वर्षी डेट्रॉइटला विचार करण्याची जागा उघडली आणि शिवडीला पाने फिरवण्याची. पाने फिरवणे हलके काम आहे असे मी म्हणत नाही. पण कुठल्या शहराच्या वाट्याला काय येते, याची नोंद असावी.

या प्रयोगशाळेचा प्रमुख होता चार्ल्स केटरिंग. डॉक्टरांनी या माणसाचे आभार मानावेत असे एक काम त्याने ही इमारत उभी राहण्याआधीच केले होते. पूर्वी मोटार सुरू करायला पुढे हँडल घालून जोराने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की ते हँडल मनगटावर येई आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडे. अस्थिरोगाच्या पुस्तकात त्याला आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. आम्ही विद्यार्थी असताना परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न! केटरिंगने विजेचा सेल्फ-स्टार्टर केला, १९१२च्या कॅडिलॅक मोटारींत तो आला आणि ते फ्रॅक्चर हळूहळू पुस्तकापुरते उरले. मोटारीचे हँडल गेले, हृदयाच्या यंत्राला मात्र अजून आहे. वर सांगितलेल्या गृहस्थांना ही गोष्ट सांगायची राहून गेली.

आता हृदयाकडे येऊ. १९५० पर्यंत शल्यचिकित्सक पोट उघडत होते, छाती उघडत होते, फुप्फुस काढत होते, पण हृदयाच्या आत डोळ्यांनी पाहून काम करणे जवळजवळ अशक्य होते. हृदय धडधडत असते, आत रक्त भरलेले असते, आणि ते थांबवले तर मेंदू काही मिनिटांत मरतो. आवळलेली मायट्रल झडप उघडण्यासाठी अलिंदाला छोटे छिद्र पाडून बोट आत घालायचे आणि चाचपडत झडप मोकळी करायची. आंधळ्या कोशिंबिरीसारखे हे काम! वाकबगार बोटांनी हजारो जीव वाचवले, तरी दिसत काहीच नव्हते.

डेट्रॉइटच्या हार्पर हॉस्पिटलमधले शल्यचिकित्सक डॉ. फॉरेस्ट ड्यूई डॉड्रिल यांनी ठरवले की हृदयाचे काम थोडा वेळ पंपाकडे द्यायचे. पंप कोण बनवणार? त्यांच्या गावात पंप, झडपा, पिस्टन यांतले जगातले सर्वांत तयारीचे कारागीर होते. ते जनरल मोटर्सकडे गेले, आणि प्रयोगशाळेने काम घेतले.

काम वाटते तितके सोपे नव्हते. इंजिनाच्या माणसांना तेल, पाणी, पेट्रोल ढकलायची सवय. रक्त हा जिवंत द्रव आहे. तो जोरात ढकलला, कुठे घासला किंवा घुसळला तर लाल पेशी फुटतात, आणि फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला जड जाते. परक्या पृष्ठभागाला लागला की गोठतो, म्हणून रुग्णाला हेपॅरिन द्यावे लागते. त्यात हवेचा बुडबुडा शिरला आणि मेंदूपर्यंत गेला तर सगळे संपले. शिवाय यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून निर्जंतुक करता आला पाहिजे. इंजिनाला ही अट कधीच नसते.

त्यातून जे तयार झाले ते पाहून कुणालाही मोटार आठवावी. स्टेनलेस स्टील आणि काच, साधारण १० बाय १२ बाय १७ इंचांचा सांगाडा आणि त्यात बारा पंप, सहा एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला. बारा सिलिंडरच्या इंजिनाचीच ठेवण! फक्त पिस्टनच्या धक्क्याऐवजी हवेचा दाब आणि निर्वात यांच्या आळीपाळीने रबरी पडदा हलायचा आणि रक्त हळुवार पुढे सरकायचे. नाव ठेवले ‘डॉड्रिल-जीएमआर’; जीएमआर म्हणजे जनरल मोटर्स रिसर्च. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले.

३ जुलै १९५२ रोजी हार्पर हॉस्पिटलमध्ये ४१ वर्षांच्या एका पुरुषावर हे यंत्र वापरले गेले. त्याचा आजार मायट्रल झडपेचाच होता. हृदयाच्या डाव्या बाजूचे काम यंत्राने सुमारे ५० मिनिटे केले आणि तेवढ्या वेळात डॉड्रिल यांनी डावे अलिंद उघडून झडपेवर काम केले. रक्तात प्राणवायू भरायचे काम मात्र रुग्णाचे स्वतःचे फुप्फुसच करत होते. यंत्र फक्त ढकलत होते. रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि पुढे बरीच वर्षे जगला. त्याच वर्षी उजव्या बाजूसाठीही यंत्र वापरून फुप्फुसाकडे जाणाऱ्या झडपेची शस्त्रक्रिया झाली.

दहा महिन्यांनी, मे १९५३ मध्ये, फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुस दोन्हींचे काम करणारे यंत्र वापरून एका तरुणीच्या हृदयातले छिद्र बुजवले. त्या यंत्रामागे आयबीएम या संगणकाच्या कंपनीचे अभियंते होते. पुढची वाट गिबन यांच्या यंत्राची झाली. डॉड्रिल यांचे यंत्र संग्रहालयात गेले. पण माणसाचे हृदय उघडे असताना पंप रक्ताभिसरण सांभाळू शकतो, हे आधी त्या बारा काचेच्या सिलिंडरांनी दाखवले होते. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले, ते या पंपांच्या पुढच्या पिढ्यांच्या जोरावर. आज मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून आमचे रुग्ण बायपाससाठी मुंबईकडे जातात, तेही त्याच भरवशावर.

इथे लेख संपवता आला असता. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण याच संस्थेची दुसरी एक देणगी माझ्या पिढीच्या प्रत्येक मुंबईकराच्या हाडांत आहे, आणि ती टाळून पुढे जाणे मला जमत नाही.

डेट्रॉइटला येण्याआधी केटरिंगची प्रयोगशाळा ओहायोतल्या डेटन गावी होती. तिथे डिसेंबर १९२१ मध्ये त्याचा सहकारी थॉमस मिजली याला आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, किंचित घातले की इंजिनातली ठकठक थांबते. अल्कोहोलनेही ती थांबते हे या मंडळींना माहीत होते. पण अल्कोहोलचे पेटंट कुणाला मिळणार! शिसे हे विष आहे हेही माहीत होते. विक्रीसाठी नाव निवडले ‘एथिल’, त्यात शिशाचा उल्लेखच नाही. मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून विश्रांतीला गेला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर त्याच द्रव्याने हात धुऊन दाखवले.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी परिषद बोलावली. तिथे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी कडाडून विरोध केला. कारखान्यांतल्या विषबाधांचा अभ्यास करणाऱ्या आणि हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक असलेल्या या बाई. त्यांचे म्हणणे असे की कारखान्यात काळजी घेता येईल, रस्त्यावर कशी घेणार? समितीने काही महिने पाहिले आणि बंदी घालण्याइतका पुरावा नाही असे सांगितले. त्यानंतर सुमारे चार दशके शिशाच्या सुरक्षिततेवरचे संशोधन मुख्यतः एकाच डॉक्टरच्या, रॉबर्ट किहो यांच्या, हाती राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेला पैसा याच उद्योगाचा आणि तिच्या पाटीवर नाव केटरिंगचे. धोका सिद्ध करून दाखवा, मग बघू, असा त्यांचा पवित्रा होता.

भारतात शिसेविरहित पेट्रोल एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. त्याच सुमारास मुंबईसह सात शहरांतल्या मुलांची रक्ततपासणी झाली होती. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिसे दर डेसिलीटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाले. ते सगळे पेट्रोलचेच होते असे नाही; रंग, बॅटऱ्यांच्या भट्ट्या, भांड्यांची कल्हई हेही होते. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आज म्हणते. लहान मुलाच्या मेंदूचे जे नुकसान होते ते भरून येत नाही. शिसे हाडात साठते, आणि गरोदरपणात किंवा उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते.

मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा मला हुशारीत फरक दिसत नाही. केटरिंग दुष्ट होता असेही वाटत नाही. कॅन्सर संशोधनाच्या एका मोठ्या संस्थेलाही त्याचे नाव आहे. फरक दिसतो तो तपासणीत. डॉड्रिल यांचा पंप एका माणसाला लावला गेला. त्याला दुसरा उपाय फारसा उरलेला नव्हता, काय झाले ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, इतर शल्यचिकित्सकांनी ते तपासले आणि वर्षभरात त्याहून चांगले यंत्र आले. शिसे कोट्यवधी माणसांना त्यांच्या नकळत दिले गेले, आणि त्याची तपासणी ते विकणाऱ्यांच्याच पैशावर चालली. आजही औषधाचा प्रतिनिधी चकचकीत आलेख घेऊन बाह्यरुग्ण विभागात येतो तेव्हा मी आधी तळातली बारीक अक्षरे वाचतो: अभ्यासाचा खर्च कुणी केला?

आर्गोनॉट इमारतीचे पुढे काय झाले तेही सांगतो. १९५६ साली प्रयोगशाळा शहराबाहेर वॉरनला, ईरो सारिननने रचलेल्या नव्या विस्तीर्ण संकुलात गेली. जुन्या इमारतीत कंपनीची कार्यालये राहिली. डेट्रॉइट ओसरत गेले तशी ती रिकामी पडली. २००७ साली कंपनीने ती तिथल्या कला आणि डिझाइन महाविद्यालयाला देऊन टाकली, आणि २००९ पासून तिथे वर्ग, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि मुलांची शाळाही भरते. पुढे एका मजल्यावर मनगटी घड्याळे जुळवण्याचा कारखानाही आला. अल्बर्ट कानच्या मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड अजून कामी येतो आहे.

लेथवाल्या गृहस्थांच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली. नवी धातूची झडप बसली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी आता कायमची. परवा दोघे त्यासाठीच आले होते. जाताजाता त्यांनी विचारले की तो पंप मिनिटाला किती माल टाकतो. साधारण पाच लिटर, मी म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमचा कूलंटचा पंप याच्या दुप्पट टाकतो, डॉक्टरसाहेब."

बायको हसली आणि जिन्याकडे निघाली. लिफ्ट चालू होती, तरी.