मदतीचा मुलूख कसा ठरवितो

मदतीची वाटणी जिल्हावार का होत नाही, असे कित्येक दाते आम्हांस विचारतात. सातारा जिल्ह्याचेच पाहावे. महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; माण तालुक्यात सुमारे पाचशे. दोहोंची सरासरी काढिली म्हणजे जिल्हा सुखी दिसतो आणि माणचा शेतकरी त्या सरासरीत बुडतो, तोही पाण्यावाचून!

उलट माण, आटपाडी व सांगोला हे तालुके सातारा, सांगली व सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत वाटले गेले असले, तरी माणगंगेचे खोरे एक, ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती एक, मेंढरांचा व खिलार जनावरांचा धंदा एक. लोक या मुलखास माणदेश म्हणतात ते उगीच नव्हे. सरकारनेही २०२३ साली प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला व पुढे हजारांहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मानिली. घटक लहान करावाच लागला.

म्हणून गावची पैसेवारी, विहिरींचे पाणी आणि आठवडेबाजारातील भाव आम्ही गोळा करितो. जेथे कडबा महाग व बैल स्वस्त, ती लगतची गावे एका पट्ट्यात धरितो, मग जिल्हा कोणताही असो. ज्यांजवळ असे आकडे असतील त्यांनी ते पाठवावे. ज्यांजवळ कडबा असेल त्यांनी कडबा.