किमान वेतन आणि घरभाडे : विसावा हिस्सा

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण पुणे-मिरज लोहमार्गावर व सातारा-पंढरपूर रस्त्यावर वसले आहे. सातारा येथून सुमारे २० किलोमीटर अंतरावर आहे. त्यामुळे बाजारपेठेतील दुकाने-गोदामांत राबणाऱ्या मजुरांप्रमाणेच साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगारही येथे बिऱ्हाड करू शकतो. अशा कुटुंबापुढचा प्रश्न एकच असतो : किमान वेतनात घरभाडे बसते काय? त्याचे उत्तर किमान वेतनाच्या हिशेबातच दडलेले आहे.

हिशेब कसा होतो?

किमान वेतन अधिनियम १९४८ साली झाला. पुढे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने वेतन ठरविण्याचे निकष दिले. एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबास वर्षाकाठी ७२ वार कापड, शासनाच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतील किमान जागेइतके भाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाचे २० टक्के, असे ते निकष होत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट प्रकरणी त्यांत शिक्षण, औषधोपचार आदींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

१९४८ च्या अधिनियमाची जागा घेणारी वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या २०२० मधील केंद्रीय नियमांच्या मसुद्यात घरभाडे अन्न-वस्त्राच्या खर्चाच्या १० टक्के धरले होते. उदाहरणादाखल, अन्न-वस्त्राचा खर्च १०,००० रुपये मानला, तर भाड्यास १,००० रुपये येतात. हे ११,००० रुपये वेतनाचे ५५ टक्के होत. उरलेले ४५ टक्के वरील दोन बाबींचे. म्हणजे वेतन २०,००० रुपये आणि भाडे त्याचा विसावा हिस्सा.

महाराष्ट्राच्या १९८३ च्या कामगार किमान घरभाडे भत्ता अधिनियमातही हेच प्रमाण आढळते. ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी वेतनाच्या ५ टक्के किंवा २० रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती भत्ता म्हणून द्यावी, अशी त्यात तरतूद केली गेली. लहान दुकानांतील नोकर या तरतुदीबाहेर राहतात.

तूट कोठून भरते?

खोलीचे भाडे वेतनाच्या पाचव्या हिश्श्याइतके झाले, तर तीन हिश्श्यांची तूट पडते. ती आहार, शिक्षण व औषधोपचार यांतूनच भरावी लागते. कारण हिशेबात दुसरी शिल्लक नसते. साताऱ्याऐवजी कोरेगावात राहून भाडे वाचविणाऱ्याने प्रवासखर्चही त्यात मिळवून पाहिला पाहिजे. एस. टी.च्या मासिक पासास २० दिवसांचे भाडे पडते, एवढाच दिलासा.

काय करता येईल?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या क्षेत्रांत करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे फार थोड्या कामगारांस ठाऊक असते. लोकप्रतिनिधींनी व शिक्षकांनी त्यांना ही माहिती द्यावी, वेतनपत्रक वाचावयास शिकवावे आणि दर कमी आढळल्यास कामगार कार्यालयाकडे तक्रार करण्यास साहाय्य करावे. विसाव्या हिश्श्यात घर मिळत नसेल, तर तो भार कामगाराच्या मुलांच्या ताटावर पडतो, याचे भान वेतनदर व गृहनिर्माण ठरविणाऱ्या प्रत्येकाने ठेवले पाहिजे.