संपलेला सेल खरोखरच संपलेला असतो काय?



आम्ही विज्ञानाचे पदवीधर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही. तरीही शर्टाच्या बटणाएवढ्या सेलविषयी स्मरणिकेत लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्याला घरी घडलेला एक प्रसंग कारण आहे.

आमच्या स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा बंद पडला. त्यातला सेल काढून आम्ही टेबलावर ठेवला. संध्याकाळी शाहूपुरीत जाऊ, दुकानदाराला दाखवू आणि तसलाच नवा आणू, असा साधा हिशेब. तेवढ्यात घरी आलेल्या भाच्याचा दीड वर्षाचा मुलगा तो सेल तोंडाकडे नेताना दिसला. आमच्या सौ.ने झडप घालून तो काढून घेतला. "अगं, संपलेलाच आहे तो," असे आम्ही बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाने तोच सेल मीटरला लावला. आकडा आला अडीच व्होल्टच्या वर! काट्याच्या दृष्टीने सेल मेला होता. बाळाच्या दृष्टीने तो जिवंतच होता.

सेलवरचा आकडा

जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले. पुढे चावीची घड्याळे मागे पडली आणि हे सेल घरोघर आले. आज ते घड्याळ, कॅल्क्युलेटर, डिजिटल थर्मामीटर, गाडीची रिमोट चावी, साखर तपासण्याचे मशीन, कॉम्प्युटर, कानातले मशीन अशा कितीतरी वस्तूंत असतात.

सेलच्या पाठीवरील अक्षरे निरर्थक नसतात. 'सीआर २०३२' यात 'सी' म्हणजे लिथियमचा एक प्रकार, 'आर' म्हणजे गोल, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. याचा दाब ३ व्होल्ट. 'सीआर २०२५' तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. एकाच्या जागी दुसरा घातला तर तो सैल तरी बसतो किंवा पट्टी दाबून वाकवतो. 'एलआर ४४' हा दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल. 'एसआर ४४' त्याच मापाचा, पण सिल्व्हर ऑक्साइडचा. तो महाग असला तरी शेवटपर्यंत दाब जवळजवळ सारखा ठेवतो. म्हणून जुना सेल खिशात घालून हिंडण्यापेक्षा आकडा कागदावर लिहून घ्यावा. दुकानदाराला तेवढे पुरते.

बदलण्यापूर्वी तपासणी

वस्तू बंद पडली की दोष सेलचाच असतो असे नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. सेल काढून कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसाव्यात आणि एकदा चालवून पाहावे. काही क्वार्ट्झ घड्याळांत सेकंदाचा काटा दोन किंवा चार सेकंदांची उडी मारू लागतो. तो बिघाड नसून सेल संपत आल्याची सूचना असते. विद्यार्थी मित्रांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एवढे अवश्य पाहावे.

मल्टीमीटर असल्यास तो डीसीच्या २० व्होल्टवर ठेवावा. नवा लिथियम सेल ३ व्होल्ट किंवा थोडा अधिक दाखवतो, अल्कलाइन दीडच्या आसपास. मात्र मीटर सेलवर फारसा भार टाकत नाही. त्यामुळे आकडा बरा दिसूनही वस्तू चालत नाही, असे होते. साखर तपासण्याच्या मशीनवर बॅटरीचे चिन्ह दिसू लागले तर अंदाजावर न राहता सेल बदलावा. तिथे आकड्यावर औषध ठरते.

बदलताना

पेचकस लहान व नेमक्या मापाचा घ्यावा. काढण्यापूर्वी सेलची कोणती बाजू वर आहे ते पाहून ठेवावे. बहुतेक वेळा अक्षरे असलेली सपाट बाजू धन असते. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडू नयेत. एकाहून जास्त सेल असतील तर सगळे एकदम बदलावेत.

वडीलधाऱ्यांच्या कानातल्या मशीनचा सेल वेगळा. तो हवेवर चालतो. वरचा चिकट कागद काढल्यावर हवा आत शिरायला मिनिटभर थांबावे, मग तो बसवावा. एकदा कागद निघाला की तो परत चिकटवून सेल वाचवता येत नाही.

खरा धोका

सेलच्या दोन्ही बाजू घशातल्या ओल्या त्वचेला टेकल्या की वीज वाहू लागते आणि ऋण बाजूपाशी कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. त्यासाठी सव्वा व्होल्टही पुरतो. अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजते. वीस मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, म्हणून तो सर्वांत घातक. अशाच एका अपघातात अमेरिकेत दीड वर्षाची मुलगी दगावली आणि तिच्या नावाने २०२२ साली तिथे कायदा झाला.

मूल लाळ गाळते, खात नाही, खोकते. कधी काहीच लक्षण दिसत नाही. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करावा किंवा एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. उलटी करवू नये. मूल एक वर्षावरचे असेल, गिळू शकत असेल आणि बारा तास उलटले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. बाकी काही खायला-प्यायला देऊ नये. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. नाकात वा कानात सेल गेला तरी तितकीच घाई करावी.

एवढे करावेच

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावावी, तो झाकणाच्या डबीत उंचावर ठेवावा. जाळू नये, कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे असे सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा गोळा होतो तिथे ते द्यावेत.

बँकेत बंद झालेल्या खात्यातही कधी शिल्लक निघते. सेलचेही तसेच आहे. वस्तू बंद पडली म्हणून सेल रिकामा झाला असे धरू नये, एवढेच आमचे सांगणे. आज घरी गेल्यावर टेबलाचे खण एकदा उघडून पाहावेत, ही नम्र विनंती.