जुन्या घड्याळाची तबकडी : मूळ की पुन्हा रंगवलेली?

म्हैसूर शहराला लागून हुणसूर मार्गावर वसलेले हिनकल असो, वा कोल्हापूर, नागपूर. देशातील अनेक घरांच्या कपाटांत वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे मनगटी घड्याळ जपून ठेवलेले आढळते. कर्नाटकात अशा घड्याळावर बहुधा ‘एच.एम.टी.’ ही अक्षरे असतात.

केंद्र सरकारने १९५३ साली स्थापन केलेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळूर येथे घड्याळांचा कारखाना उभारला. पुढे तुमकूर येथेही उत्पादन सुरू झाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस ही उपकंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ अशा जुन्या घड्याळांना आज संग्राहकांकडून मागणी आहे. मात्र बाजारात येणाऱ्या अशा अनेक घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. एकदा खरवडलेली मूळ तबकडी परत मिळत नाही आणि घड्याळाचे मोलही त्यामुळे बदलते. म्हणून ही पारख महत्त्वाची ठरते.

छपाई काय सांगते?

कारखान्यात तबकडीवरील अक्षरे कोरीव पट्टीवरील शाई मऊ गादीने उचलून उमटवली जातात. दहापट भिंगातून पाहिल्यास मूळ अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आणि शाईची जाडी सर्वत्र सारखी दिसते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर कडा पसरट असतात, अक्षरांमधील अंतर कमीजास्त होते आणि काही वेळा शब्दांत चूकही आढळते. एच.एम.टी.वरील ‘पॅराशॉक’ हा धक्कारोधक रचना दर्शविणारा शब्द याच कसोटीवर तपासून पाहावा.

त्यानंतर मिनिटांच्या रेषा पाहाव्यात. त्यांचे वर्तुळ तबकडीच्या कडेपासून सर्वत्र समान अंतरावर हवे आणि प्रत्येक पाचवी रेषा तासाच्या खुणेसमोर यायला हवी. बसवलेल्या धातूच्या खुणांच्या बुडाशी रंग साचला असेल, अथवा तारखेच्या खिडकीची धार रंगाने बुजली असेल, तर शंकेला जागा आहे.

कडा आणि पाठ

उरलेल्या खुणा तबकडी बाहेर काढल्यावरच दिसतात. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तबकडीच्या पाठीला जोडलेले दोन बारीक खिळे, म्हणजेच ‘पाय’, तिला यंत्रावर जागेवर धरतात. पाय तुटलेले असून तबकडी गोंदाने चिकटवली असेल, तर ती दुसऱ्या घड्याळाची असण्याचा संभव आहे. रंगकाम करणारे कारागीर दिशा ओळखता यावी म्हणून कडेला कानशीने लहान खाच पाडतात. तथापि काही मूळ तबकड्यांनाही खाच असते. केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये.

चकाकणारा रंग

अंधारात चकाकणाऱ्या खुणा हा आणखी एक पुरावा होय. १९६० च्या दशकापर्यंत अनेक घड्याळांत रेडियमयुक्त रंग वापरला जात असे. त्यानंतर ट्रिटियमचा वापर वाढला. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२ वर्षे असल्याने पन्नास वर्षांपूर्वीचा असा रंग आज जवळपास विझलेला असतो. तो दीर्घकाळ तेजाने चकाकत असेल, तर नवा रंग भरलेला आहे असे समजावे. काट्यांवरील आणि तबकडीवरील रंगाची छटा जुळते का, हेही पाहावे.

रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग कायम राहतो. अशी तबकडी घरी खरवडू वा पुसू नये, कारण तिची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक ठरते.

निर्णय कसा घ्यावा?

कोणतीही एक खूण निर्णायक नसते. छपाई, कडा, पाठ आणि चकाकीचा रंग हे सर्व एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तरच मत बनवावे. त्याच नमुन्याच्या खात्रीशीर घड्याळाची किंवा जुन्या जाहिरातीची तुलनाही उपयोगी पडते. भडक रंगाच्या अथवा अनोळखी चित्राच्या तबकडीबाबत तो नमुना कंपनीने खरोखर काढला होता का, हा पहिला प्रश्न विचारावा. जुन्या कवचात अगदी नवी कोरी तबकडी दिसणे हेही विसंगतच.

तबकडी पुन्हा रंगवणे हा गुन्हा नव्हे. पाण्याने खराब झालेले घड्याळ वापरण्याजोगे करण्याचा तो जुना मार्ग आहे. आक्षेप आहे तो ही गोष्ट दडवून मूळ तबकडीचा भाव मागण्याला. तसेच घरातील घड्याळाची तबकडी पिवळसर वा ठिपकेदार झाली म्हणून ती लगेच रंगवायला देऊ नये. ते डाग म्हणजे तिच्या वयाचीच साक्ष असते आणि ती पुसली की घड्याळाचा अस्सलपणा सिद्ध करणे कठीण होते.